देवळाचा कारभार : शिलालेखापासून नोंदवहीपर्यंत

जीर्णोद्धाराच्या स्मरणिकेत देवळाच्या बांधकामाविषयी पुष्कळ लिहिले जाते. पाया किती खोल गेला, दगड कोठून आणला, कळस कोणी अर्पण केला, हे सर्व नोंदविले जावे हे योग्यच आहे. परंतु उभ्या देवळामागे आणखी एक बांधकाम असते आणि ते डोळ्यांना दिसत नाही. दिवाबत्तीचे तेल कोणी आणावयाचे, पालखीला पहिला खांदा कोणाचा, दानपेटीची किल्ली कोणापाशी, वर्षाचा हिशेब कोणी कोणापुढे वाचावयाचा, ही त्या बांधकामाची तुळई व खांब होत. दगडी देऊळ शेकडो वर्षे टिकते. कारभाराची ही दुसरी इमारत मात्र दर पिढीला कोठे ना कोठे गळू लागते. अंबरनाथ, बदलापूर व उल्हासनगर या टापूत ती किती वेळा मोडली व किती वेळा नव्याने बांधावी लागली, हे पाहू गेल्यास कागदपत्रे थोडी मिळतात. पण जी मिळतात ती बोलकी आहेत.

आरंभ अर्थातच अंबरनाथच्या शिवमंदिरापासून करावयास हवा. या देवळावरील शिलालेखात शके ९८२, श्रावण शुद्ध नवमी, शुक्रवार असा काळ दिला आहे. इसवी सनाच्या हिशेबाने ही तारीख २७ जुलै १०६० येते. लेख उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातील मामवाणी ऊर्फ मुम्मुणी राजाच्या कारकिर्दीतला आहे. परंतु तयार झालेले भवन छित्तराजाचे, असे त्यात म्हटले आहे. छित्तराज हा मुम्मुणीचा वडील भाऊ. दोघांच्या मध्ये नागार्जुन नावाचा आणखी एक भाऊ गादीवर येऊन गेला होता. म्हणजे काम एका भावाने आरंभिले व तिसऱ्या भावाच्या काळात ते पुरे झाले, असे अभ्यासक मानतात. ज्याने काम पुरे केले त्याने श्रेय आरंभ करणाऱ्याच्या नावावर ठेवले, ही गोष्ट आजच्या देणगी-फलकांच्या काळात मुद्दाम लक्षात घेण्यासारखी आहे.

याच लेखात राजाबरोबर त्याच्या कारभाऱ्यांचीही नावे आली आहेत. शिलाहारांच्या ताम्रपटांतून हीच रीत आढळते. महामात्य, महासांधिविग्रहिक, भांडागाराचे अधिकारी अशी पदे क्रमाने येतात आणि मग दानाचा मजकूर. वाचणाऱ्याला हा निव्वळ मानपानाचा भाग वाटतो. वस्तुतः त्यात कारभाराची मोठी सोय होती. दान राजाने दिले असले तरी ते चालविणार कोण, कोणाच्या दप्तरात त्याची नोंद राहणार, हे त्या नावांवरून कळत असे. राजा गेला तरी पद राहते, आणि पद राहिले की दान चालते.

आणि पदही राहिले नाही तर? त्याची तजवीज शिलाहारांनी गद्धेगाळाने केली. वर सूर्य-चंद्र, मध्ये लेख आणि खाली गाढवाची अभद्र शिवी कोरलेला दगड ठाणे, रायगड व मुंबईच्या परिसरात अनेक ठिकाणी आढळतो. सूर्य-चंद्र असेपर्यंत हे दान चालावे. जो कोणी ते मोडील त्याला ही गाळ लागो, असा त्याचा अर्थ. आज ते चित्र पाहून लोक संकोचतात. काही गावांत तर असे दगड देव समजून शेंदूर फासून पुजले गेले आहेत. पण त्याचे मूळ काम अगदी व्यवहाराचे होते. तपासनीस, न्यायालय, लेखापरीक्षण यांपैकी काहीही कायमचे हाताशी नसताना देवाच्या मिळकतीवर पहारा ठेवण्याचा तो उपाय होता. लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही तो कळत असे. मात्र धाक हा विश्वासाच्या जोरावर चालतो. तो विश्वास विरळ झाला तसे हे दगड शेताच्या बांधावर पडून राहिले आणि ज्या जमिनीसाठी ते उभारले होते तिचा मालक कोण हेही कोणाला सांगता येईनासे झाले.

मध्यंतरीची काही शतके येथे ओलांडावी लागतात. १७३९ साली वसई घेतल्यावर उत्तर कोकणात मराठ्यांचा अंमल पक्का बसला, आणि देवस्थानांना इनाम जमिनी व रोख नेमणुका देण्याची रीत दृढ झाली. या पद्धतीत कारभार घराण्याकडे असे. वहिवाटदार बापामागून मुलगा. पूजा बहुधा गुरवाकडे, हिशेब कुळकर्ण्याकडे, मान पाटलाकडे. इंग्रजांनी १८५२ नंतर इनामांची चौकशी केली. खरी ठरलेली देवस्थान-इनामे पूजाअर्चा चालू राहण्याच्या अटीवर पुढे चालू ठेवली आणि सनदा दिल्या. येथवर ठीक होते. परंतु सनदेतील वहिवाटदाराचे नाव पुढे सातबाऱ्यावर आले, आणि दोन-तीन पिढ्यांनंतर पुष्कळ ठिकाणी वहिवाटदार हाच मालक असा समज रूढ झाला. देव बोलत नाही. त्यामुळे हरकत घेणारे कोणी नव्हते. ‘देव हा कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र व्यक्ती आहे, जमीन त्याची आहे व पुजारी हा केवळ व्यवस्था पाहणारा आहे’ हे तत्त्व न्यायालयांनी शंभर वर्षांहून अधिक काळ सांगितले आहे. तरीसुद्धा मालकाच्या रकान्यात देवाचेच नाव असावे, पुजाऱ्याचे नसावे, हे सर्वोच्च न्यायालयाला मध्य प्रदेशातील एका प्रकरणात ६ सप्टेंबर २०२१ रोजी पुन्हा स्पष्ट करावे लागले. यावरून तो समज किती खोल रुजला होता हे दिसते.

कारभार कोणी करावा यावरून तंटा झाल्याचे याच पंचक्रोशीतील एक प्रसिद्ध उदाहरण मलंगगडाचे आहे. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटिअरात ती हकिकत नोंदलेली आहे. पेशवाईच्या काळात कल्याणचे काशीनाथपंत केतकर यांच्याकडे तेथील व्यवस्था आली. पुढे एका ब्राह्मण घराण्याने ती पाहावी याला स्थानिक मुसलमानांनी हरकत घेतली. १८१७ साली निर्णय असा झाला की, बाबांचीच इच्छा चिठ्ठ्या टाकून पाहावी. चिठ्ठ्या तीन वेळा टाकल्या, तिन्ही वेळा कौल केतकरांच्या प्रतिनिधीकडे गेला आणि व्यवस्था त्यांच्याकडे राहिली. त्या स्थानाच्या स्वरूपाविषयीचा पुढचा वाद हा येथला विषय नव्हे. कारभाराच्या दृष्टीने ध्यानात घ्यावयाची गोष्ट एवढीच की, निकाल काय लागला यापेक्षा तो कसा लावला हे तेव्हा महत्त्वाचे ठरले. चिठ्ठी टाकण्यापूर्वी दोन्ही पक्षांना ती रीत मान्य व्हावी लागते. गावकीत आजही एखादा मान कोणाकडे जावा हे ठरेनासे झाले की देवाला कौल लावतात. त्यातही खरे बळ कौलापेक्षा त्या आधीच्या संमतीत असते.

या मोठ्या स्थानांचा कारभार कागदावर आला. गावदेवी, मारुती, खंडोबा, महादेव अशा लहान देवळांचा मात्र कागदावर आला नाही. तो गावकीच्या तोंडी होता. आगरी, कोळी, कुणबी यांच्या गावांत देवाचे काम घरटी वाटलेले असे. कोणाकडे पालखीचा खांदा, कोणाकडे अब्दागीर, कोणाकडे पहिला नारळ. वाजंत्री, कुंभार, सुतार, न्हावी या प्रत्येकाचे काम ठरलेले व त्याचा मोबदलाही ठरलेला. भाताचे पीक खळ्यावर आले की देवाचा वाटा आधी बाजूला पडे. वर्गणी पैशात नव्हती. ज्याचे शेत मोठे त्याचे सूप मोठे, एवढाच हिशेब. चुकणाऱ्याला गावकीपुढे उभे राहावे लागे आणि तेथे बसलेल्यांत त्याचे सोयरे-धायरे असत, म्हणून लाजेने काम होई.

या व्यवस्थेचे गुणगान स्मरणिकांतून नेहमी केले जाते. ते सर्वस्वी खोटे नाही. माणसे ओळखीची होती, काम वाटलेले होते, आणि देवळाला पैशांची चणचण भासली तरी माणसांची कधी भासली नाही. परंतु तिची दुसरी बाजू झाकून ठेवणे बरे नव्हे. ज्यांना गावाच्या वेशीबाहेर ठेवले होते त्यांच्या वाट्याला या कामात देवळाबाहेर राहून करावयाचे कष्टच तेवढे आले. स्त्रिया अंगण सारवीत, ओव्या गात, नैवेद्य रांधीत. बैठकीत मात्र त्यांचा शब्द नसे. मान घराण्याचा असल्याने घराण्यात लायक माणूस असो वा नसो, मान चालत राही. भाऊबंदकी झाली की एका मानाचे चार वाटे होत आणि चौघे चार दिशांना ओढू लागत. पालखी अडून राहिल्याच्या गोष्टी कोकणातल्या कोणत्याही गावात ऐकावयास मिळतात.

ही घडी विस्कटली ती कोणा सुधारकाच्या व्याख्यानाने नव्हे, तर कारखान्याच्या भोंग्याने. आगगाडी होतीच. १९२० नंतरच्या काळात अंबरनाथला काडेपेटीचा मोठा कारखाना आला, पुढे संरक्षण खात्याचे कारखाने आले, शहाड-मोहने भागात रेयॉनच्या गिरण्या उभ्या राहिल्या. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात औद्योगिक वसाहती वाढल्या आणि बारवी धरणाचे पाणी त्यांना मिळाले. शेतकऱ्याचा मुलगा पाळीवर जाऊ लागला. खळे राहिले नाही तेथे खळ्यावरचा वाटा कोठून राहणार? पायलीच्या जागी रुपये आले, आणि दसऱ्याच्या सुमारास मिळणारा बोनस हा देवळाच्या वर्गणीचा नवा सुगीचा हंगाम ठरला.

रुपया आला तशी पावती आली. भाताचे सूप कोणी मोजून लिहून ठेवीत नसे. रुपया मात्र लिहावा लागतो. कारखान्यात युनियनचे, पतपेढीचे, कँटीन कमिटीचे काम पाहिलेला तरुण गावात येऊन विचारू लागला, ‘अध्यक्ष कोण? चिटणीस कोण? हिशेब कोठे?’ वडीलधाऱ्यांना हे प्रश्न उद्धट वाटले. देवाच्या कामात हिशेब मागणे म्हणजे अविश्वास दाखविणे, अशी त्यांची समजूत होती. परंतु पाहता पाहता गावोगाव देवळासाठी पंचकमिट्या झाल्या. कमिटीची घडण सरळ सहकारी सोसायटीवरून व कामगार संघटनेवरून उचललेली होती, आणि ती उचलणारे हात कारखान्यातून आलेले होते. देवळाच्या कारभाराला आधुनिक वळण लावण्याचे श्रेय द्यावयाचे तर या पाळीवर जाणाऱ्या मंडळींना द्यावे लागेल. त्यांची नावे कोणत्याही फलकावर नाहीत.

याच काळात शेजारी एक निराळेच दृश्य उभे राहत होते. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधमधून आलेले सुमारे एक लाख निर्वासित उतरले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तेथे नव्या वसाहतीची कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. या लोकांपाशी शेत नव्हते, शीव नव्हती, गावदेवी नव्हती, इनामही नव्हते. होती ती पंचायत. सिंधमध्ये प्रत्येक गावच्या हिंदूंची पंचायत असे व तिचा प्रमुख मुखी म्हणविला जाई. माणसे बराकीत विखुरली तरी मूळ गावाच्या नावाने त्या पंचायती पुन्हा जमल्या. झुलेलालाची मंदिरे, गुरुद्वारे, धर्मशाळा, शाळा यांच्या उभारणीत या पंचायतींचा व त्यांच्या वर्गणीचा मोठा हात आहे.

गावातल्या देवळाशी याची तुलना करावी. गावात जागा पक्की होती व माणसे तिच्याभोवती बांधलेली होती. उल्हासनगरात जागा गेली होती आणि माणसांनी आपसांतले नाते पक्के धरले होते. ज्याला वतन नाही त्याला दर वर्षी पुन्हा लोकांचा विश्वास मिळवावा लागतो. व्यापारी समाजाला वही लिहिण्याची सवयही होती. म्हणून तेथील संस्था थोड्या अवधीत उभ्या राहिल्या. त्या सर्वच निर्दोष होत्या असे म्हणण्याचा हेतू नाही. मुखीपदावरून त्यांच्यातही चुरस असे. परंतु आपल्या डोळ्यांसमोर एक गाव कारभारासकट उचलून दुसरीकडे लावले गेले, आणि शेजारच्या खेड्यांनी त्यापासून फारसे काही घेतले नाही, याचे नवल वाटते.

आता कायद्याकडे वळले पाहिजे. मुंबई इलाख्यात सार्वजनिक न्यासांच्या नोंदणीचा पहिला कायदा १९३५ साली झाला. त्याचा उपयोग मर्यादित होता. खरा बदल घडविला तो १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाने. त्याच्या नावातील ‘मुंबई’ हा शब्द पुढे बदलून ‘महाराष्ट्र’ झाला. मद्रास प्रांतात १९२० नंतरच्या दशकातच देवस्थानांसाठी सरकारी मंडळ नेमून कारभारात थेट लक्ष घालण्याचा मार्ग धरला होता. मुंबई राज्याने तसे केले नाही. येथे देऊळ विश्वस्तांनीच चालवावयाचे; धर्मादाय आयुक्ताने नोंद ठेवावयाची, हिशेब पाहावयाचा, आणि गैरकारभार झाल्यास चौकशी करावयाची किंवा नवी योजना घालून द्यावयाची. नोंदणी सक्तीची झाली. ३१ मार्चला हिशेब बंद करून त्याचे परीक्षण करून घेणे आले. स्थावर मिळकत विकावयाची, किंवा ठराविक मुदतीपलीकडे भाडेपट्ट्याने द्यावयाची, तर आधी मंजुरी घेणे आले. गद्धेगाळाचे काम आता कलम ३६ कडे आले असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

या कायद्यातील ‘सार्वजनिक’ हा शब्द मात्र एकट्या हिशेबापुरता नव्हता. त्याआधी तीन वर्षे, १९४७ मध्ये, मुंबई राज्याने हरिजन मंदिर-प्रवेशाचा कायदा केला होता. त्यामागे १९३० चा नाशिकच्या काळाराम मंदिराचा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा सत्याग्रह होता, आणि मे १९४७ मधील साने गुरुजींचे पंढरपूरचे उपोषण होते. १९५६ च्या कायद्याने सर्व हिंदूंना सार्वजनिक देवळात समान प्रवेश मिळाला. त्याच कायद्याच्या आधारे उच्च न्यायालयाने २०१६ साली स्त्रियांच्या प्रवेशाचा हक्क स्पष्ट केला व शनिशिंगणापूरच्या विश्वस्तांना चौथरा खुला करावा लागला. देऊळ कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर हळूहळू मोठे होत गेले: आधी राजाचे, मग घराण्याचे, मग गावकीचे, आणि शेवटी दारात येणाऱ्या प्रत्येकाचे. मात्र दाराच्या आत येणे वेगळे व बैठकीत बसणे वेगळे. कायद्याने पहिले दिले. दुसरे अजून पुष्कळ गावांच्या मर्जीवर आहे.

नोंदणीचा कागद किती मोलाचा, हे कूळकायद्याच्या वेळी कळले. १ एप्रिल १९५७ हा दिवस कृषकदिन ठरला आणि कसणारे कूळ जमिनीचे मालक समजले जाऊ लागले. सार्वजनिक पूजास्थानाच्या जमिनींना या तरतुदीतून कलम ८८-ब प्रमाणे सूट होती. पण ती दोन अटींवर. विश्वस्त संस्था नोंदलेली हवी, आणि जमिनीचे सारे उत्पन्न त्याच कामी लागलेले हवे. ज्यांनी नोंदणी केली होती व हिशेब ठेवले होते त्यांना दाखला मिळू शकला. ‘आमच्या देवाला कसली नोंदणी?’ म्हणून जे बसून राहिले त्यांच्या हातून दिवाबत्तीची जमीन जाण्याची वेळ आली. यात कुळाचा दोष काढता येत नाही. पिढ्यान्‌पिढ्या चिखल तुडवून त्याने ती जमीन कसली होती, आणि जेथे तिचे उत्पन्न वहिवाटदाराच्या घरात जिरत होते तेथे देवाचे नुकसान आधीच झालेले होते.

मोठ्या क्षेत्रांत हाच प्रश्न अधिक तीव्रपणे पुढे आला. पंढरपूरला बडवे, उत्पात व सेवाधारी यांचे वंशपरंपरागत हक्क होते. शासनाने नाडकर्णी आयोग नेमला, त्याच्या अहवालानंतर १९७३ चा पंढरपूर मंदिरे अधिनियम झाला, आणि १९८५ मध्ये मंदिराचा ताबा समितीकडे आला. तरी न्यायालयातला झगडा चालूच राहिला. सर्वोच्च न्यायालयाचा शेवटचा निकाल लागला जानेवारी २०१४ मध्ये. कायदा होऊन चाळीस वर्षे लोटल्यावर! शिर्डीला १९२२ साली अहमदनगरच्या न्यायालयाने घालून दिलेल्या योजनेवर संस्थान चालू झाले, आणि २००४ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. प्रभादेवीच्या सिद्धिविनायकासाठी असा कायदा १९८० मध्येच झाला होता. उत्पन्न वाढले की कारभाराची जुनी घडण पुरत नाही आणि मग सरकार आत येते. सरकार आत आल्याने सारे प्रश्न सुटतात असे नाही. विश्वस्तांची नेमणूक मग राजकीय सोयीने होते, अशी तक्रार वारंवार होत आली आहे. गावचे देऊळ गावाच्याच हाती राहावयाचे असेल तर गावाने आपली वही नीट ठेवणे, हाच त्यावरचा स्वस्तातला उपाय होय.

अंबरनाथच्या शिवमंदिराची वाट आणखी वेगळी. ते केंद्रीय पुरातत्त्व खात्याचे संरक्षित स्मारक आहे. गाभाऱ्यात पूजा चालते, महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते. परंतु दगडाला हात लावावयाचा तो खात्यानेच. २०१० च्या दुरुस्तीनंतर स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी असून त्यापुढे आणखी २०० मीटर नियंत्रण आहे. भाविक, पुजारी, नगरपालिका व खाते असे चार धनी एका देवळाभोवती वावरतात. लहान देवळांच्या विश्वस्तांना धर्मादाय कार्यालयाच्या फेऱ्या जाचक वाटतात. त्यांनी या चौघांच्या संसाराकडे एकदा पाहावे.

त्या फेऱ्यांतली सर्वांत दुर्लक्षित फेरी म्हणजे फेरफार अर्जाची. विश्वस्त वारला, त्याने राजीनामा दिला किंवा नवा निवडला गेला, तर ९० दिवसांत तसे कळवावयाचे असते. ते राहून जाते. दुखवट्याच्या वेळी हा विषय कोणी काढावा? पुढे वर्षश्राद्ध होते, दुसरा विश्वस्तही जातो, आणि दप्तरात मात्र दोघेही हयात असतात. प्रत्यक्ष कारभार करणारी मंडळी प्रामाणिक असली तरी कागदोपत्री त्यांना अधिकार नसतो. नळाची जोडणी, बँकेतील सह्या, बांधकामाची परवानगी, एखाद्या अतिक्रमणाविरुद्धचा दावा, प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न येतो, ‘आपण कोण?’ जीर्णोद्धाराचे काम निघाले की हा प्रश्न हटकून उभा राहतो, कारण त्या वेळी प्रथमच मोठी रक्कम हाताळावयाची असते. पुष्कळ गावांत दगड येऊन पडतो आणि कागदासाठी काम थांबते. एका अर्थाने ते बरेच. एरवी कोणी ते दप्तर उघडले नसते.

आणि आता घरटी वर्गणी घ्यावयाची तर घर कोणते धरावे? बदलापूर व अंबरनाथ १९८३ साली कल्याण महानगरपालिकेत गेली आणि १९९२ मध्ये पुन्हा बाहेर पडली. तेव्हापासून भातशेतीच्या जागी उठलेल्या इमारतींची गणती करणे कठीण आहे. मुंबईत जागा न परवडणारी माणसे शेवटच्या लोकलने येथे उतरतात. त्यांचे कुलदैवत सातारा-सांगलीकडे किंवा रत्नागिरीला. पण संध्याकाळचा नमस्कार मात्र या गावच्या देवळात होतो. जीर्णोद्धाराच्या देणगीदारांत ही मंडळी मोठ्या संख्येने दिसू लागली आहेत. फलकावर त्यांचे नाव येते. सभासदांच्या यादीत येत नाही, कारण जुन्या घटनेत ‘गावातील मूळ रहिवासी’ असे लिहिलेले असते. जुन्या घराण्यांची भीती समजण्यासारखी आहे. उद्या मतदान झाले तर एका सोसायटीतली माणसे साऱ्या गावकीहून जास्त भरतील, आणि ज्याच्या पणजोबाने पालखी वाहिली त्याला रांगेत उभे राहावे लागेल. नव्यांचे म्हणणेही खोटे नाही: पैसा चालतो तर माणूस का नको?

यावर काही ठिकाणी निघालेला मार्ग साधा आहे. पालखीचा खांदा, पहिला नारळ, जत्रेचा मान हे परंपरेने ज्यांचे त्यांच्याकडे ठेवावयाचे. हिशेब, बांधकाम, बँक व दप्तर यांसाठीचे विश्वस्त मात्र ठराविक मुदतीसाठी निवडावयाचे आणि त्यांत नव्या वस्तीतील माणसांना व स्त्रियांना जागा ठेवावयाची. मान व अधिकार यांची ही फारकत जुन्या मंडळींना प्रथम कडू वाटते. पण मानाला मुदत लागत नाही आणि अधिकाराला मुदत लागते, हे एकदा पटले की बैठकीतला आवाज खाली येतो. घटनेत असा बदल करावयाचा तर सभेचा ठराव, त्याची रीतसर नोटीस व धर्मादाय कार्यालयातील नोंद हे सोपस्कार करावेच लागतात. ते टाळून केलेला समेट पुढच्या भांडणापर्यंतच टिकतो.

जीर्णोद्धारात आणखी एक नोंद करावयाची असते आणि ती बहुधा विसरली जाते. जुने देऊळ उतरविताना निघालेली सागवानी तुळई, कोरीव दारचौकट, पितळी समया, जुनी घंटा, चांदीचा मुखवटा, अंगणातली दीपमाळ, पायरीखाली सापडलेला अक्षरांचा दगड, या सर्व वस्तू देवाच्या जंगम वा स्थावर मिळकतीत मोडतात. काम चालू असता त्या कोणाच्या तरी पडवीत, कोणाच्या गोठ्यात, कोणा कंत्राटदाराच्या वखारीत ठेवल्या जातात, आणि नवा कळस चढेपर्यंत त्या कोठे आहेत हे सांगणारा माणूसच उरत नाही. त्यांची मोजदाद कलशारोहणापूर्वी, दोन साक्षीदारांसमोर, वस्तूचे वजन व माप घालून करावी. वस्तू ठेवून घेणाऱ्याची सही घ्यावी. आणि ती यादी न्यासाच्या नोंदवहीत चढवून तिची एक प्रत देवळातच, सर्वांना दिसेल अशा जागी लावावी.